रिगवरचे अठ्ठावीस दिवस आणि लोट्याचे कपाट

चिपळूणहून एका वाचकाचे पत्र आले आहे. त्याचा आवश्यक तेवढा भाग असा:

"माझे वय ३१. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर पुण्यात आपत्कालीन वैद्यकीय सेवेची पदविका केली. चार वर्षे खासगी रुग्णवाहिकेवर आणि दोन वर्षे एका रुग्णालयाच्या अपघात विभागात काम केले. आता पुढे सरकायला जागा दिसत नाही. समोर तीन वाटा आहेत. मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्रात एका रिगवर (तेलविहिरीच्या फलाटावर) कंत्राटदारामार्फत मेडिकची, म्हणजे तिथल्या आजारी-जखमींना पाहणाऱ्याची, जागा आहे, २८ दिवस समुद्रावर आणि २८ दिवस घरी, रोजचे २,५०० रुपये. दुसरी नोकरी लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्याच्या आरोग्य केंद्रात, महिना ३२,००० रुपये. तिसरा एक एजंट आहे, तो दीड लाख घेऊन आखातात ऑइल फील्डवर पाठवतो म्हणतो. वडिलांची बायपास झाली आहे, मुलगी तीन वर्षांची आहे. पत्नी म्हणते रिगवर जा, वडील म्हणतात लोट्याला लाग. मला स्वतःला भीती अशी वाटते की कारखान्यात जाऊन मलमपट्टी करत बसलो तर सहा वर्षांत शिकलेले सगळे गंजून जाईल. मी काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात पगाराचे दोन आकडे आहेत. त्यांची तुलना कागदावर मांडल्याशिवाय पुढचे काहीच ठरणार नाही, म्हणून आधी तेवढे उरकून घेऊ. २,५०० रुपये रोज म्हणजे २८ दिवसांचे ७०,००० होतात आणि ऐकायला ते भरघोस वाटतात. पण तुमच्या वाक्यरचनेवरून असे दिसते की हा रोज फक्त समुद्रावरच्या दिवसांचा आहे आणि घरचे २८ दिवस बिनपगारी आहेत. तसे असेल तर ५६ दिवसांची एक फेरी, वर्षाला साधारण साडेसहा फेऱ्या आणि एकूण ४,५५,००० रुपये, म्हणजे महिन्याला ३८,००० सुद्धा नाहीत. लोट्याचे वर्षाला ३,८४,००० होतात. राहिलेल्या ७१,००० रुपयांतून चिपळूण-मुंबई येणे-जाणे, समुद्रातील बचावाच्या प्रशिक्षणाचा आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च तुमच्या माथी पडला तर तो, आणि दोन कंत्राटांच्या मध्ये घरी बसून काढावा लागणारा एखादा महिना वजा करून पाहा. एक महिना बसलात की जवळजवळ निम्मी रक्कम तिथेच गेली. पत्नीने रिगचा आग्रह ७०,००० हा आकडा ऐकून धरला असेल, तर हा हिशेब त्यांच्यासमोर मांडणे हे पहिले काम समजा.

आता पैशापेक्षा मोठ्या गोष्टीकडे वळते. शिकलेले गंजून जाईल ही भीती खरी आहे, पण ती तुम्ही चुकीच्या जागी ठेवली आहे असे मला वाटते. रुग्णवाहिकेवरच्या माणसाला कामाचे मोजमाप वेळेत करायची सवय लागते: किती मिनिटांत पोहोचलो, किती मिनिटांत रुग्ण डॉक्टरांच्या हवाली केला. समुद्रावर, खाणीत किंवा एखाद्या आडवळणाच्या प्रकल्पावर हे मोजमाप चालत नाही, कारण तिथे रुग्ण ताब्यात घ्यायला पुढे कोणी उभे नसते. मुंबई हायचे क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रात आहे. हवा चांगली असेल तर जुहूहून हेलिकॉप्टर येते आणि पावसाळ्यात हवा बिघडली तर येत नाही. अशा ठिकाणी मेडिकचे मुख्य काम उपचारांपेक्षा निर्णयाचे असते. कोणाला आत्ता हलवायचे, कोणाला उद्या सकाळपर्यंत ठेवता येईल आणि कोणाला हलवण्याची गरजच नाही, हा तो निर्णय.

२७ जुलै २००५ चा प्रसंग तुम्हाला माहीत असेल. आदल्या दिवशी मुंबई पावसाने बुडाली होती, म्हणून हा प्रसंग बऱ्याच लोकांच्या स्मरणातून निसटला. मुंबई हाय क्षेत्रात काम करणाऱ्या समुद्र सुरक्षा या जहाजावरच्या आचाऱ्याच्या दोन बोटांची टोके तुटली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते, म्हणून त्याला उपचारासाठी क्रेनच्या बास्केटमधून मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवायचे ठरले. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन उपलब्ध नव्हती, त्यामुळे जहाज वाऱ्याच्या बाजूने प्लॅटफॉर्मजवळ आले, लाटांनी ते ढकलले गेले आणि तेल-वायू वर आणणाऱ्या नळांवर आदळले. वायूगळती झाली, आग लागली आणि काही तासांत तो प्लॅटफॉर्म नष्ट झाला. त्या ठिकाणी असलेल्या ३८४ लोकांपैकी ३६२ वाचले, २२ जण गेले. कोणाचे किती चुकले याचा निवाडा करण्यासाठी मी हे सांगत नाही. जहाजाची हालचाल हा मेडिकचा प्रांत नसतोच. पण तुमच्या अपघात विभागात दोन बोटांची टोके तुटलेला माणूस आला तर तुम्ही रक्त थांबवाल, बोटे स्वच्छ करून गुंडाळाल, वेदनाशामक द्याल, धनुर्वाताचे इंजेक्शन द्याल आणि तासाभरात तो शल्यचिकित्सकाच्या टेबलावर असेल. तीच जखम खवळलेल्या समुद्रात असली की माणसाला हलवण्याचा धोका जखमेच्या धोक्याशी ताडून पाहावा लागतो, आणि रुग्णाच्या वतीने जहाजाच्या कप्तानाला किंवा प्लॅटफॉर्मच्या प्रमुखाला "हा माणूस इतके तास इथे सुरक्षित राहू शकतो" किंवा "राहू शकत नाही" हे स्पष्ट शब्दांत सांगणारा एकच जण तिथे असतो. ते सांगण्याची तयारी रुग्णवाहिकेवर होत नाही. तिच्यासाठी सर्दी, पाठदुखी, छातीत जळजळ, पायाला आलेली सूज असले रटाळ आजार शेकड्यांनी पाहावे लागतात आणि त्यातला कोणता वाट पाहू देणार नाही हे ओळखण्याची नजर कमवावी लागते. तुम्ही ज्याला मलमपट्टी म्हणता, ती नजर नेमकी तिथेच तयार होते.

रिगवरच्या दिवसाची कल्पना असावी म्हणून थोडे सांगते. एक खाट, एक ऑक्सिजन सिलिंडर, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र), कुलूपबंद औषधांचे कपाट आणि एक रजिस्टर मावेल एवढी सिक बेची खोली असते. सकाळी तुम्ही पिण्याच्या पाण्यातले क्लोरिन तपासता, गॅलीत, म्हणजे रिगच्या स्वयंपाकघरात, जाऊन फ्रीजचे तापमान आणि आचाऱ्यांची नखे पाहता, टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, दोन वाक्ये बोलता, आणि बऱ्याच ठिकाणी हेलिकॉप्टरने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या यादीचे कारकुनी कामही मेडिकच्याच गळ्यात पडते. रात्री दोनला कोणी दार ठोठावले तर उठणारेही तुम्हीच, कारण तुमची शिफ्ट बदलायला दुसरे कोणी नसते. तिथे जाण्याआधी सुमारे तीन दिवसांचे बचाव प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यात हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात पट्ट्याने बांधून तुम्हाला तलावात उलटे बुडवतात आणि खिडकी ढकलून बाहेर यायला लावतात. कोकणातला माणूस पाण्याला घाबरत नाही असे आपण म्हणतो खरे, पण नाकात पाणी जात असताना डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत पट्ट्याचे बक्कल सापडत नाही, तेव्हा ही फुशारकी फार वेळ टिकत नाही.

आता तुमचा आजचा कोंडमारा. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हापासून तिच्या गाडीत डॉक्टर ठेवण्याची पद्धत पडली. हैदराबादेत २००५ साली सुरू झालेल्या मूळ १०८ मध्ये आणि पुढे तिचा कित्ता गिरवणाऱ्या अनेक राज्यांत मात्र गाडी प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या भरवशावर चालते. त्यामुळे आपल्याकडे पदविकाधारकाला सरकारी सेवेत चढायला शिडी तोकडी आणि खासगी गाडीवर पगार तोकडा. हा तुमच्या कर्तबगारीचा दोष नाही. तीच सवय समुद्रावरही आड येते. अनेक कंत्राटदार रिगवर डॉक्टरच मागतात आणि डॉक्टर मिळाला नाही किंवा परवडला नाही की पदविकाधारकाकडे येतात. ब्रिटनच्या उत्तर समुद्रात मेडिकच्या पदावर परिचारिका, पॅरामेडिक किंवा लष्करी वैद्यकीय सेवेतून आलेला माणूस रीतसर नेमला जातो, त्यासाठी १९८९ पासूनचे स्वतंत्र नियम आहेत आणि किनाऱ्यावरचा एक डॉक्टर त्याच्यामागे फोनवर चोवीस तास उभा असतो. तुम्हाला हे पद मिळत असेल तर त्या नावासोबत हा आधारही मिळतो की नाही, हे तपासल्याशिवाय होकार देऊ नका.

तपासायचे म्हणजे काय, तेही सांगते. किनाऱ्यावरचा डॉक्टर कोण, त्याचा नोंदणी क्रमांक काय आणि रात्री फोन कोण उचलतो, हे कंत्राटदाराकडून लेखी घ्या. कोणत्या लक्षणांना कोणते औषध तुम्ही स्वतःहून द्यायचे, याचे त्या डॉक्टरच्या सहीचे स्थायी आदेश मागा. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी आरोग्य कर्मचाऱ्याच्या मध्यस्थीने डॉक्टरने दुरून सल्ला देण्याला मान्यता दिली आहे, पण त्याच तत्त्वांनी अमली औषधे दुरून लिहून देण्यास मनाई केली आहे. मांडीचे हाड मोडलेला माणूस हेलिकॉप्टरची वाट पाहत सहा तास कण्हत असेल तेव्हा कपाटात काय आहे आणि ते कोणाच्या अधिकाराने टोचायचे, हा प्रश्न त्या रात्री विचारून उपयोग नाही. समोरचा माणूस या प्रश्नांना "ते सगळं होऊन जातं हो" असे उत्तर देऊ लागला, तर ती नोकरी सोडून द्या. काही विपरीत घडले तर चौकशीत कागदावर नाव तुमचेच असेल.

आखाताच्या वाटेबद्दल फार लिहीत नाही, कारण फार लिहिण्यासारखे त्यात काही नाही. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दीड लाख मागणाऱ्याने आपली ओळख तिथेच करून दिली आहे. शिवाय संयुक्त अरब अमिरातीत पॅरामेडिक म्हणून काम करायचे तर तुमच्या प्रमाणपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी होते, परीक्षा होते आणि मग परवाना मिळतो. याबद्दल अवाक्षर न काढता जो थेट व्हिसाची गोष्ट करतो, तो तुम्हाला मदतनीस म्हणून नेऊन मेडिक म्हणून राबवण्याच्या बेतात असण्याची शक्यता मोठी आहे. आखात कायमचे बंद करा असे मी म्हणत नाही, हा माणूस मात्र बंद करा.

आता तुमच्या पत्रातील ज्या वाक्यावर तुम्ही स्वतः थांबला नाहीत, तिथे मी थांबते. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालो, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, जणू ती वाया गेलेली तीन वर्षे. कारखान्यातील सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेचे नियम काढून वाचा. अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका नसलेल्या माणसासाठी त्यात एकच दार आहे: भौतिकशास्त्राची किंवा रसायनशास्त्राची पदवी, कारखान्यात पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका. ती पदविका मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत आणि राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न संस्थांत होते. याखेरीज बहुसंख्य कामगारांची भाषा येणे ही एक अट आहे, आणि लोट्यात ती तुम्ही जन्मतःच पुरी केली आहे. जुन्या कारखाना कायद्यात १,००० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी लागत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती संख्या ५०० वर आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी २५० वर आणली आहे. म्हणजे मागणी वाढती आहे. संहितेखालील राज्याचे नियम अर्ज करताना पुन्हा एकदा पाहून घ्या, पण दिशा हीच. आणि इथे रिगची अडचण अशी की तेलविहीर कायद्याने खाण समजली जाते, कारखाना नव्हे. समुद्रावर काढलेली पाच वर्षे कौशल्य कितीही वाढवोत, त्या पाच वर्षांच्या रकान्यात ती बसवताना तुमची दमछाक होईल.

एवढे सांगितल्यावर माझे मत लपवण्यात अर्थ नाही. मी तुमच्या जागी असते तर लोट्याची नोकरी धरली असती. बायपास झालेले वडील आणि तीन वर्षांची मुलगी ही कारणे आहेतच, पण ती नसती तरी मी हेच सांगितले असते. फक्त लोट्यात मलमपट्टीवाला म्हणून जाऊ नका.

मी स्वतः रासायनिक कारखान्यांच्या आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून २२ वर्षे काढली. पहिल्याच कारखान्यात एका दुपारी कंत्राटी फिटर आला आणि बोट दाखवून म्हणाला, "ताई, काही नाही, थोडं चुरचुरतंय." बोटावर फिकट पांढुरका डाग, एवढेच. त्याने कोणती लाइन उघडली होती हे विचारले तेव्हा कळले की ती हायड्रोफ्लोरिक आम्लाची. हे आम्ल वरून क्षुल्लक दिसते आणि आत उतरून शरीरातले कॅल्शियम ओढत जाते. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल चोळत राहावे लागते. कपाटात जेलची ट्यूब होती, पण तिची मुदत उलटून आठ महिने झाले होते आणि दाबल्यावर तोंडाशी वाळलेली खडी तेवढी निघाली. शेवटी आमच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे इंजेक्शनच्या कुप्यांतले कॅल्शियम ग्लुकोनेट पाण्यात विरघळणाऱ्या साध्या जेलीत कालवले, ते रबरी हातमोज्यात भरले, त्याचा हात त्या मोज्यात घातला आणि तसाच त्याला गाडीत बसवला. बोट वाचले. पुढच्या चौकशीत ते कपाट कोणाचे, या प्रश्नाला उत्तर देणारा मात्र एकही माणूस कारखान्यात निघाला नाही. भांडार म्हणे आरोग्य केंद्राचे, आरोग्य केंद्र म्हणे सुरक्षा विभागाचे.

त्या दिवसापासून मी कपाट माझे केले, आणि मग एकेक करून बाकीचेही. नवा कामगार रुजू झाला की त्याची श्रवणचाचणी आणि फुप्फुसांची चाचणी, कोणत्या प्लँटमधून कोणत्या तक्रारी जास्त येतात याची महिन्याची नोंद, प्रथमोपचार करणाऱ्या कामगारांचे प्रशिक्षण, मॉक ड्रिल. कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रथमोपचार पेटी प्रशिक्षित माणसाच्या ताब्यात असावी लागते, आणि असे प्रशिक्षण देणे तुमच्याइतके कोणाला साधणार? टाकीत उतरलेला माणूस हायड्रोजन सल्फाइडने कोसळला की दुसरा त्याला ओढायला उतरतो आणि तोही जातो. कारण या वायूचा सडक्या अंड्यासारखा वास प्रमाण वाढले की नाकाला येईनासा होतो आणि उतरणाऱ्याला वाटते की हवा साफ झाली. सहा वर्षे रुग्णवाहिकेवर आणि अपघात विभागात काढलेला, वर रसायनशास्त्र शिकलेला माणूस जेव्हा हे टाकीच्या तोंडाशी उभे राहून सांगतो, तेव्हा कामगार ऐकतात. भिंतीवरचा फलक वाचून ऐकत नाहीत. गंजण्याची भीती उरलीच तर महिन्यातून दोन रविवार तुमच्या जुन्या अपघात विभागात उभे राहण्याची परवानगी मागा आणि बीएलएस-एसीएलएसची (जीव वाचवणाऱ्या तातडीच्या उपचारांची) प्रमाणपत्रे दर दोन वर्षांनी नवी करत राहा. ती एकदा संपू दिली की पुन्हा उभे राहायला आळस येतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

दोन कागदांचे काम मात्र आताच करा. एक, पदविकेच्या संस्थेकडून अभ्यासक्रमाचे तास, प्रात्यक्षिकांसह आणि प्रशिक्षणकाळासह, लेखी घ्या. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ हा मान्य व्यवसाय ठरवला आहे, पण संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या शिक्षणासाठी किमान दोन वर्षांत पसरलेले २,००० तास ही मोजपट्टी ठेवली आहे. तुमची पदविका किती काळाची हे तुम्ही लिहिलेले नाही. ती एका वर्षाची असेल तर नोंदणीच्या वेळी हे तासच विचारले जातील, आणि संस्था बंद पडल्यावर ते देणार कोण? दुसरा कागद लोट्याच्या नियुक्तीपत्राचा. त्यात पदनाम "अटेंडंट" किंवा "ड्रेसर" असे असेल तर सही करण्याआधी बदलून मागा. "पर्यवेक्षक, व्यावसायिक आरोग्य केंद्र" अशा अर्थाचे काही असावे आणि तुमच्या हाताखाली कोण, हे कामाच्या वर्णनात लिहिलेले असावे. पगारात हजार रुपये कमी-जास्त झाले तरी चालतील, पण हा शब्द सोडू नका. पाच वर्षांनी सुरक्षा पदविकेच्या अर्जाला तोच जोडायचा आहे. आणि तेव्हाही समुद्र खुणावत असेल तर अवश्य जा. त्या वेळी आरोग्य आणि सुरक्षा अशी दोन्ही कामे जाणणारा माणूस म्हणून जाल, आणि घरच्या २८ दिवसांचा पगारही मागू शकाल.

वडिलांना सांगा की त्यांचे म्हणणे तुम्ही ऐकले आहे, पत्नीला हिशेबाचा कागद दाखवा. आणि पहिल्या दिवशी केंद्रात गेलात की खुर्चीत बसण्याआधी कपाट उघडून जेलच्या ट्यूबवरची तारीख वाचा.